अतिवृष्टीचं अनुदान शेजाऱ्याला आलं, आपल्याला का नाही?

सीना नदीकाठच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय: "सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमची साडेचार एकर सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होती. ओढ्याकडची अर्धा एकर माती खरडून गेली. तलाठी आणि ग्रामसेवक येऊन फोटो काढून गेले. शेजारच्या गटाचे पैसे आले, आमचे अजून नाहीत. तलाठी म्हणतात यादीत आहे, सेवा केंद्रवाला म्हणतो क्रमांकच निघत नाही, बँक म्हणते काही जमा नाही. जमीन वडिलांच्या नावावर आहे, ते दोन वर्षांपूर्वी वारले. घरात आई, आम्ही दोघं भाऊ आणि लग्न झालेली बहीण. आता कुणाकडे जायचं?"

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि सगळी नोकरी मराठवाड्यातच झाली. २०१४ च्या मार्चमधल्या गारपिटीचे पंचनामे केले, २०२१ च्या अतिवृष्टीचे तपासले. त्या अनुभवावरून सांगतो. भाऊ, तुम्हाला भेटलेली तिन्ही माणसं बहुतेक खरंच बोलतायत. प्रत्येकाला साखळीची आपली तेवढीच कडी दिसते. तलाठ्याला गावाची यादी दिसते, केंद्रचालकाला संगणकावर चढलेली नावं दिसतात, बँकेला फक्त आलेला पैसा दिसतो. तुमचं नाव पहिल्या आणि दुसऱ्या कडीच्या मध्ये कुठंतरी अडलंय. "अनुदान कधी येणार?" असं विचारत फिरलात तर तिन्ही ठिकाणांहून रिकाम्या हाती याल. "माझं नाव कोणत्या टप्प्यावर आहे?" असं विचारा. या प्रश्नाला कार्यालयाला ठरावीक उत्तर द्यावं लागतं.

टप्पे असे आहेत. आपत्ती आली की आधी नजरअंदाजाचा अहवाल जातो: गावात इतकं क्षेत्र, इतके शेतकरी. तो आकडा घाईचा असतो, त्यावर कुणाला पैसे मिळत नाहीत. मग शेतावर संयुक्त पंचनामा होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांनी तो करायचा असतो. आता यांची नावं बदलून ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली, पण गावात जुनीच नावं चालतात, मीही तीच वापरतो. पंचनाम्यांवरून तहसीलदार मागणीचा प्रस्ताव करतात. तो जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त असा वर मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. तिथून शासन निर्णय निघतो, निधी खाली येतो. दरम्यान तहसीलमध्ये शेतकरीनिहाय यादी संगणकावर भरली जाते: नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, आधार. यादी मंजूर झाली की प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. पूर्वी तो घेऊन प्रत्येकाला सेवा केंद्रावर अंगठा द्यावा लागायचा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ज्यांची अ‍ॅग्रीस्टॅकमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी संगणकीय नोंदवहीत, नोंदणी होऊन शेतकरी ओळख क्रमांक निघालाय, त्यांना या ई-केवायसीतून सूट मिळाली. त्यानंतर पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात.

तुमच्या बाबतीत क्रमांकच निघत नाही. म्हणजे नाव पंचनाम्याच्या कागदावर असेल, पण संगणकाच्या मंजूर यादीत चढलेलं नाही. कारणही तुमच्या प्रश्नातच आहे: वडील वारले आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. मयत खातेदाराच्या नावासमोर आधार टाकता येत नाही, नावाला ओळख क्रमांक निघत नाही, मग ती ओळ बाजूला पडते. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर जिवंत माणसाचं नाव होतं, म्हणून त्याचे पैसे पुढे गेले. पाणी दोघांच्याही शेतात सारखंच होतं.

यावर काय करायचं ते पुढे सांगतो. आधी तुम्हाला किती येणं आहे ते पाहू, कारण ऐकीव आकडे धरून भांडायला गेलं की माणूस तिथेच हरतो.

ही रक्कम नुकसानभरपाई नसते. सरकारी भाषेत ते निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे पुढच्या पेरणीसाठी बी-खताला हातभार. पिकाची किंमत त्यात धरलेलीच नाही. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत जिरायत, म्हणजे पावसावरच्या, पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये होते. मर्यादा २ हेक्टरची, आणि नुकसान किमान ३३ टक्के हवं. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती, हे आज फार जणांच्या लक्षात नाही. त्या अटीखाली अर्धवट बुडालेली किती शेतं आम्ही 'निकषाबाहेर' लिहून सोडली, त्याची बोच अजून जात नाही. आपत्ती निधीत साधारण राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. निकषापेक्षा जास्त जे काही द्यायचं ते राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून द्यायचं.

इथेच घोळ होतो. जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात दर वाढवून १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते आणि मर्यादा ३ हेक्टरची केली होती. मे २०२५ मध्ये ते पुन्हा केंद्राच्या दरावर आणि २ हेक्टरवर आले. त्यामुळे २०२४ च्या पावसाचं अनुदान मिळालेला तुमचा पाहुणा "मला एकरी साडेपाच हजार मिळाले" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याचं वर्ष वेगळं होतं.

२०२५ च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात रस्ते-पुलांच्या दुरुस्तीपासून विहिरींपर्यंत सगळं धरलेलं होतं. तुमच्या कामाचं एवढंच: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, शिवाय रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,०००, आणि मर्यादा ३ हेक्टर. साडेचार एकर म्हणजे १ हेक्टर ८० आर (शंभर आरांचा एक हेक्टर). पूर्ण क्षेत्र बाधित धरलं असेल तर १५,३०० आणि १८,००० मिळून ३३,३०० रुपये होतात. पण हे पैसे एकदम आले नाहीत. पिकाचं अनुदान, तिसऱ्या हेक्टरची वाढीव रक्कम आणि रब्बीची मदत यांचे शासन निर्णय वेगवेगळे निघाले आणि पैसेही हप्त्याहप्त्यानं आले. शेजाऱ्याला जे आलं ते कोणतं, ते आधी त्याच्या पासबुकात बघा. घोषणेत ऐकलेले हेक्टरी ३५ हजार पीक विमा धरून होते. त्यातले विम्याचे सुमारे १७ हजार हा अंदाज होता, तहसीलची रक्कम नव्हे.

ओढ्याकडची माती गेली, तिचा हिशोब वेगळा आहे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख, आणि माती भरून जमीन पुन्हा तयार करायला रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम, असं त्या पॅकेजमध्ये होतं. तुमच्या अर्ध्या एकराचे, म्हणजे २० आरचे, रोख ९,४०० होतात. मात्र पीक गेल्याचा पंचनामा आणि जमीन खरडल्याचा पंचनामा ही दोन वेगळी कागदं असतात. पिकाच्या यादीत नाव असलं म्हणजे जमिनीच्या यादीत आपोआप येत नाही. विहिरीचंही तसंच. गाळानं बुजलेल्या विहिरीला ३०,००० रुपये होते, पण पंचनाम्यात विहीर लिहिलेली नसेल तर ती कागदावर कोरडी आणि धडधाकट राहते. दावणीला बुडालेल्या जनावराचं तर सगळं पहिल्या दोन दिवसांतच ठरतं. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये. पशुवैद्यकाचा दाखला त्या वेळी घेतला नाही तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

आता पंचनामा. माझ्या मते सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं, म्हणून यावर जरा थांबतो.

एका पंचनाम्याच्या हंगामात माझ्याकडे तीन गावं होती आणि हातात आठवडा होता. रस्ते वाहून गेलेले, काही शिवारांत गुडघाभर चिखल. एका गावात मी नदीकाठचे गट पायी फिरून बघितले आणि वरच्या अंगाचे गट चावडीवर बसून, लोकांना विचारून लिहिले. "वर पाणी नव्हतं" असं चौघांनी सांगितलं. पंधरा दिवसांनी एक विधवा बाई कार्यालयात आली. तिचं शेत वरच्या अंगालाच, पण मधोमध खोलगट होतं. पाणी नदीचं नव्हतं, वरून वाहून आलेलं तिथेच साचलं होतं. तूर मुळापासून सडली. ती माझ्या मागोमाग दुसऱ्या गावापर्यंत चालत आली होती आणि मी निघून गेलेलो होतो. यादी तोवर वर गेली होती. मी पुरवणी पंचनामा करून प्रस्ताव पाठवला, पण तिचे पैसे यायला पुढची पेरणी उजाडली. चूक माझी होती. तेव्हापासून चावडीवर एकही पंचनामा लिहिला नाही, आणि मंडळ अधिकारी झाल्यावर कुणाला लिहूही दिला नाही.

म्हणून सांगतो, पंचनाम्याच्या दिवशी बांधावर हजर राहा. कागदावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी वाचा: गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, आणि कारण. बाधित क्षेत्राच्या रकान्यात एकराचे आर करताना चुका होतात, १.८० चं ०.८० होतं. कारणाचा रकाना तर सीनाकाठच्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून बघावा. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावं मिळून केलेल्या भागात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. तो मंडळातल्या पर्जन्यमापकावर मोजतात. यंत्र एका गावात, ढगफुटी दुसऱ्या शिवारात, हे रडगाणं दरवर्षीचं आहे आणि ते खरंही आहे. पण सीनेचं पाणी तर वरून आलं होतं. पाऊस नदीच्या वरच्या अंगाला झाला आणि खाली माढा, मोहोळकडची शेतं बुडाली. अशा वेळी मंडळाचा पाऊस ६५ मिलिमीटर भरला नाही तरी पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे, केंद्राच्या यादीतली. कारणाच्या रकान्यात 'नदीच्या पुराचं पाणी शिरून' असं लिहिलेलं असेल तर पर्जन्यमापकाचा प्रश्नच येत नाही. नुसतं 'अतिवृष्टी' लिहिलं असेल तर वर कुणीतरी पावसाचा तक्ता काढून बसतो. सलग रिपरिप पडून पीक पिवळं पडलं तर त्यासाठी 'सततचा पाऊस' ही आपत्ती राज्यानं २०२३ मध्ये मान्य केली. तोही वेगळा शब्द आहे, वेगळे निकष आहेत.

पंचनाम्याची प्रत लगेच मिळत नाही. निदान मोबाइलवर त्या कागदाचा फोटो घ्या. कुणी नाही म्हणालं तर शांतपणे सांगा, माझ्याच शेताचा कागद आहे. स्वतःच्या शेताचेही फोटो काढा, आणि त्यात एखादी न हलणारी खूण येऊ द्या: विहीर, विजेचा खांब, बांधावरचं लिंबाचं झाड. नुसत्या पाण्याचा फोटो कोणत्याही शेताचा असू शकतो.

ई-पीक पाहणीबद्दल दोन शब्द. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची आहे. ती केली नसेल तर सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि पंचनाम्यातलं सोयाबीन सातबाऱ्यावर सापडत नाही. वडील गेल्यावर त्यांच्या खात्यावर तुम्ही नोंद केली होती का, तेही तपासा. राहिली असेल तर पुढच्या हंगामात तरी सोडू नका. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावात सहायक नेमलेले असतात.

आता तुमच्या गाठीकडे येऊ. वारस नोंद.

वडिलांचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि आधार, आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र एवढं घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन भरा. तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार, म्हणजे मालकीच्या नावातल्या बदलाची नोंद, धरतो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. या कामासाठी वकील लागत नाही, एजंट लागत नाही. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम राज्यभर झाली ती नेमकी याचसाठी. गावोगाव वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर होती. तुमच्या गावात ती मोहीम झाली तेव्हा तुमचा अर्ज का गेला नाही, हे मी विचारत नाही. बाप गेलेल्या घराला पहिली दोन वर्षं कागद सुचत नाहीत, हे मी शेकडो घरांत पाहिलंय.

बहिणीचं नाव लावा. हे मी आवर्जून सांगतो, कारण वारस अर्जात आई आणि दोघं भाऊ एवढंच लिहून आणणारे फार असतात. वडिलांच्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. बहीण गाळलीत आणि उद्या तिनं हरकत घेतली तर फेरफार वादात जातो, प्रकरण तहसीलदारांपुढे चालतं, आणि अनुदान सोडा, बँकेचं पीककर्जही थांबतं. मी प्रमाणित करायला बसायचो तेव्हा आधी हेच विचारायचो, मुली किती? उत्तर देताना घरातल्या पुरुषांची नजर खाली गेली की मी फेरफार बाजूला ठेवायचो.

नावं चढली की खातं सामाईक होतं. चार खातेदार, एक गट. अनुदान चौघांना हिश्श्यानं वाटून मिळू शकतं, किंवा बाकी तिघांनी संमतीपत्र दिलं तर एकाच्या खात्यावर येतं. सामाईक खात्याची प्रकरणं याच संमतीपत्रासाठी सगळ्यात जास्त रखडतात. बहीण पुण्याला, एक भाऊ कंपनीत, आई गावात, सह्या गोळा होत नाहीत. वारस नोंदीच्या निमित्तानं सगळे एकत्र याल तेव्हाच संमतीपत्र करून ठेवा. पैसे कुणाच्या खात्यावर घ्यावेत असं मला विचाराल तर आईच्या. ती गावात आहे, पेरणी तिच्या डोळ्यांसमोर होते.

एक शंका तुमच्या मनात येईल: नावं आता चढली आणि पूर तर सप्टेंबरमध्ये आला होता, मग चालेल का? नुकसान जमिनीवरच्या पिकाचं झालंय आणि पंचनामा त्या गटाचा झालाय. वारसांची नोंद झाली की त्या गटाची ओळ दुरुस्त करून वारसांच्या नावानं यादीत घेण्याची मागणी तहसीलदारांकडे करता येते. पंचनाम्याच्या कागदात तुमचा गट आहे, याला म्हणूनच सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

शेतकरी ओळख क्रमांकाचं काम फेरफार झाला की लगेच करून घ्या, तोवर तो निघणारच नाही. सेवा केंद्रावर आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि नवा सातबारा लागतो. आता आपत्तीच्या मदतीला हा क्रमांक लागतोच, आणि तो असला की अंगठ्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही.

मग उरतं बँक खातं. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय. लोक तलाठ्याला पासबुकाची झेरॉक्स देतात आणि त्याच खात्यावर पैसे येतील असं धरून चालतात. थेट हस्तांतरणात पैसा आधार क्रमांकावर सुटतो आणि आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असेल तिथे जाऊन पडतो. एका गृहस्थांनी जिल्हा बँकेत सहा महिने खेटे घातले. शेवटी सापडलं ते टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत, जिथे त्यांनी कधीतरी पोस्टमनच्या सांगण्यावरून अंगठा दिला होता. पैसे सहा महिन्यांपासून तिथेच पडून होते. आईचं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर, मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून, दोन मिनिटांत कळतं. खातं बंद पडलेलं असेल किंवा बऱ्याच दिवसांत व्यवहार नसेल तर पैसे परत जातात, म्हणून आधी खातं चालू करून घ्या. विशिष्ट क्रमांक मिळाल्यावर आपत्ती मदतीच्या संकेतस्थळावर तो टाकला की रक्कम कुठवर पोचली ते दिसतं. अंगठा द्यायची वेळ आलीच तर आधी पडद्यावरचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम वाचून घ्या. चुकीचं असेल तर अंगठा देऊ नका, तहसीलमध्ये लेखी तक्रार द्या.

खात्यात पैसे आल्यावर बँकेनं 'होल्ड' लावला किंवा थकलेल्या पीककर्जात वळते केले, अशाही तक्रारी येतात. मदतीच्या शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं की या रकमेतून कोणत्याही बँकेनं वसुली करू नये. त्या निर्णयाची प्रत घेऊन शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. तोंडी बोलून होल्ड निघत नाही.

पीक विमा ही वेगळी गोष्ट आहे, तिची आणि अनुदानाची सरमिसळ करू नका. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून-मोजून, निघणाऱ्या मंडळाच्या पीक-उत्पन्नावर ठरवली गेली. ७२ तासांत मोबाइलवरून कळवायची जी पद्धत लोकांच्या डोक्यात बसली आहे ती विम्याची होती आणि त्या हंगामात लागू नव्हती. अनुदानासाठी विमा असणं गरजेचं नाही, आणि विमा आहे म्हणून अनुदान अडतही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या भागात बटईनं करणारे पुष्कळ आहेत म्हणून लिहितो. अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतं. ज्यानं बी टाकलं, फवारणी केली, सुड्या वाहून जाताना चिखलात उभं राहून पाहिल्या, त्या वाटेकऱ्याचं नाव कुठंच नसतं. यादीत त्याच्यासाठी रकानाच नाही. मी अशा घरांच्या दारात पंचनामे लिहिलेत आणि पैसे शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जाताना पाहिलेत. काही मालक अर्धे देतात, काही सगळे देतात, काही फोनच उचलत नाहीत. शासनानं हा रकाना करावा, वाटेकऱ्याची नोंद मालकाला धोका न वाटता करता यावी, असं मी नोकरीत असतानाही बैठकांत बोललो आणि आजही बोलतो. तोवर बटई ठरवतानाच साध्या कागदावर लिहा: आपत्तीची मदत आली तर खर्चाच्या वाट्यानं वाटून घ्यायची. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

आणि यादीबद्दल. जालना जिल्ह्यात २०२२ ते २०२४ च्या अनुदानात बोगस नावं घातल्याचं प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले. ज्यांच्याकडे शेतच नाही त्यांच्या नावावर पैसे उचलले जातात तेव्हा तुमच्यासारख्यांची ओळ खाली राहते, याचा मला खात्यातला माणूस म्हणून संताप येतो. मदत मिळालेल्यांची यादी आणि रकमा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतात. आपल्या गावाची यादी उघडून वाचा. त्यात आपलं नाव शोधणं हा हक्क आहे, आणि गावात नसलेलं नाव दिसलं तर विचारणं हाही हक्कच आहे.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं. येत्या सोमवारी वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच दिवशी तहसीलदारांच्या नावे दुसरा अर्ज आवक विभागात द्या. त्यात एवढंच लिहा: गट क्रमांक अमुक, क्षेत्र १ हेक्टर ८० आर, पीक सोयाबीन, पुराच्या पाण्यानं बाधित, अमुक तारखेला संयुक्त पंचनामा झाला, खातेदार मयत असल्यानं विशिष्ट क्रमांक निघालेला नाही, वारस नोंदीचा अर्ज आज दिला असून पोच सोबत जोडली आहे, फेरफार होताच पुरवणी यादीत नाव घ्यावं, ओढ्यालगतच्या २० आर खरडलेल्या जमिनीचा पंचनामा झाला आहे की नाही ते कळवावं, झाला नसल्यास करावा. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, फोटो आणि शेजाऱ्याच्या गटाला मदत मिळाल्याचा उल्लेख. शेजाऱ्यावर तक्रार म्हणून नव्हे, त्याच पाण्याचा पुरावा म्हणून. त्याला आधी सांगून ठेवा म्हणजे मनं दुखावणार नाहीत.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि दोनच गोष्टी मागा: तुमच्या गटाच्या पंचनाम्याची प्रत, आणि तहसीलनं वर पाठवलेल्या यादीतलं तुमच्या गावाचं पान. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. त्या पानावर तुमचा गट असेल तर अडचण संगणकाच्या टेबलावर आहे, नसेल तर पंचनामा पुढे गेलाच नाही. तोवर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो, तिथे सोमवारच्या दोन्ही अर्जांच्या पोच घेऊन जा. आईला सोबत न्या, आणि खरडलेल्या अर्ध्या एकराचा फोटो मोबाइलवर न दाखवता छापून न्या. तो अर्जाला टाचला जातो आणि फाइलमध्ये राहतो.